हेलसिंकीच्या थांब्यावरची चाळीस मिनिटं

अहो, तुमची तेरवी होऊन आज अकरा दिवस झाले. पाहुणे पांगले, मांडवाचे बांबू गेले, घरात आता मी आणि मीनल दोघीच. लेक तुमच्यासाठी हेलसिंकीहून धावत आली, पण तुम्हाला कुठे धीर असतो. ती विमानात होती तेव्हाच तुम्ही निघालात. तिच्याशी शेवटचं बोलणं झालं ते फोनवर, बुलढाण्याच्या दवाखान्यातून. नाकात नळी, आवाज खोल गेलेला, मी शेजारी स्टुलावर बसलेली, आणि मी तिथे नाहीच असं समजून तुम्ही तिला म्हणालात, "तुह्या मायले एकटं ठेवू नको. तिच्यानं एकटं राहनं व्हत नाई. म्या पाह्यलं हाय तिकडं, तुह्या गावात. पार भेदरून गेल्ती बिचारी."

मी ऐकलं. तुमचा हात माझ्या हातात होता, एक वाक्य पुरे होतं. ते मी बोलले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बोलायला तुम्ही राहिला नाहीत.

म्हणून हे लिहिते आहे. अंगणवाडीची रजिस्टरं सोडली तर मी जन्मात काही लिहिलेलं नाही. तसंही माझं अक्षर तुम्हाला कधी लागायचं नाही. तरी वाचा.

तीन वर्षांपूर्वी आपण मीनलकडे गेलो, त्यातला पहिला दिवस आठवा. तुम्हाला आठवायला सांगायची गरज नाही म्हणा, तुम्ही तो दिवस अख्ख्या देऊळघाट गावाला तोंडपाठ करून दिला होता. पण तुम्ही सांगायचात ती गोष्ट अर्धीच आहे. उरलेली अर्धी माझ्याकडे आहे.

जून महिना होता. आपल्याकडे जमीन तापून भेगाळलेली आणि तिकडे मी साडीवर स्वेटर, पायात मीनलचे बूट, तुमच्या अंगात जावयांचं जॅकेट, ते गुडघ्यापर्यंत आलेलं. लेकीला आणि जावयांना ऑफिस चुकवता येत नव्हतं. तिने कागदावर रस्ता काढून दिला, ट्रामचे पास आपल्या गळ्यात अडकवले, फोन तुमच्या खिशात घातला आणि बजावलं की चुकामूक झाली तर जो जिथे आहे त्याने तिथेच थांबायचं. तुम्ही हसलात. "तीस वर्षं गाडीवर काढली म्या. मले शिकवून राह्यली का तू?"

खरंच होतं ते. तीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केलीत. कुठेही गेलात तरी आधी माणसं मोजायचात. लग्नाच्या पंगतीत सुद्धा तुमचं "मागं सरका, मागं सरका" सुरू असायचं. मला त्याची लाज वाटायची, हे मी तुम्हाला पुष्कळदा सुनावलेलं आहे, तेव्हा ते राहू द्या.

ट्राममध्ये बसल्याबरोबर तुम्ही बेचैन झालात. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, पुढे जाऊन आलात. ड्रायव्हर काचेच्या खोलीत, बाकी कोणीच नाही. माणसं अशी चूप की कोणी वारल्यासारखी. तुम्ही माझ्या कानाशी येऊन म्हणालात, "कंडक्टरच नाई वं या गाडीत. मंग गाडी हालते कोनाच्या घंटीनं?" मी म्हटलं, हालते तर आहे ना, बसा गुमान. पण ते काही तुमच्या पचनी पडलं नाही. प्रत्येक थांब्यावर उतरणारे-चढणारे तुम्ही डोळ्यांनी मोजत राहिलात, जणू हिशेब संध्याकाळी तुम्हालाच द्यायचा होता.

मग ते पांढरं चर्च. टेकडीवर बांधल्यासारखं, आणि समोर पायऱ्याच पायऱ्या. तुम्ही पायऱ्या मोजत चढलात, अर्ध्यात आकडा चुकला म्हणून परत खाली उतरायला निघालात, मी जॅकेटला धरून थांबवलं. वर बसून आपण दशम्या सोडल्या. एक पांढरा पक्षी आला, कावळ्याच्या दुप्पट, आणि तुमच्या हातातली दशमी घेऊन गेला. तुम्ही त्याला मराठीतून ज्या शिव्या दिल्या त्या ऐकून खालच्या पायरीवरची एक गोरी पोरगी हसली. तिला काय कळलं देव जाणे. मीही हसले. आपण दोघं असे नुसते बसून हसलो, असं त्याआधी कधी झालं होतं ते मला आठवेना. चाळीस वर्षांच्या संसारात आपण एकत्र फिरायला असे गेलोच कुठे? सैलानीच्या यात्रेला गेलो, लग्नांना गेलो, दवाखान्यांत गेलो. आणि तिथेही तुम्ही पुढे, मी दहा पावलं मागे. हेलसिंकीतही तेच. एवढे मोठाले रस्ते, एवढी मोकळी जागा, आणि आपण चालतोय एकामागे एक, बांधावरून चालल्यासारखे.

बंदरावरच्या बाजारात लोक कागदी पिशव्यांतून मटाराच्या शेंगा घेऊन चालता चालता कच्च्याच खात होते. तुम्हाला ते फार आवडलं. "हे तं आपल्यावानीच हरबऱ्याचे घाटे खाऊन राह्यले," म्हणालात, आणि एक पिशवी घेऊन माझ्या हातात दिलीत. इथपर्यंत सगळं गोड होतं.

मग मी म्हटलं, मला त्या बोटीत बसायचं आहे. समोरच लागलेली होती. लेकरंबाळं घेऊन माणसं चढत होती, जवळच्या बेटावर जाऊन परत यायचं, एवढंच. तुम्ही म्हणालात, नको. मी म्हटलं, का? "पान्यातल्या गाडीले ब्रेक नसते." मी म्हटलं, मी एकटी जाऊन येते, तुम्ही इथे बसा. त्यावर तुम्ही नुसतं माझ्याकडे पाहिलं, जसं काही मी चंद्रावर जाते म्हणाले, आणि वळून ट्रामच्या थांब्याकडे चालायला लागलात. विषय संपला. तुमच्या बाजूने विषय नेहमी असाच संपायचा, पाठ फिरवून.

माझं डोकं फिरलं होतं. मी मुद्दाम सावकाश चालत होते. आज कबूल करते, दहाची वीस पावलं मीच केली. ट्राम आली. तुम्ही सवयीने आधी चढलात आणि सरळ आत गेलात. तीस वर्षं तुम्ही घंटी दिल्याशिवाय गाडी जागची हलली नव्हती, त्यामुळे आपण आत गेलो तरी बायको चढेपर्यंत ती थांबणारच, हे तुमच्या मनात पक्कं होतं. मी दारापाशी पोचले आणि दार मिटलं. आपोआप. काचेतून मला तुम्ही दिसलात. तुम्ही वळलात, मी बाहेर आहे हे पाहिलं, आणि तुमचा हात वर गेला. छताशी घंटीची दोरी शोधत होता तो. ती तिथे नव्हती. गाडी वळणावरून गेली.

पुढचं तुम्ही लोकांना असं सांगायचात: "म्या एकाबी सवारीले कधी रस्त्यावर सोडलं नाई, अन् आपल्याच बायकोले परमुलखात टाकून गेलो. चाळीस मिनिटं ती तिथं रडत बसेल होती." चहाच्या टपरीवर सांगितलंत, व्याह्यांना सांगितलंत, डॉक्टरांनासुद्धा सांगितलंत. दर वेळी तुमचा आवाज भरून यायचा, आणि दर वेळी मी शेजारी खाली मान घालून बसायची. लोकांना वाटायचं, आठवणीने कासावीस झाली.

आता माझी अर्धी ऐका.

पहिली दोन-तीन मिनिटं घाबरले, हे खरं. मग मी बाकावर बसले. शेजारी एक म्हातारी येऊन बसली, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी असेल, हाताशी चाकांची पिशवी. ती काहीतरी बोलली. मी मराठीतून सांगितलं की माझा नवरा गाडीत बसून गेला. तिने मान डोलावली. मी शेंगांची पिशवी तिच्यापुढे धरली, मग दोघींनी शेंगा सोलल्या. सोलताना तिने आपल्या बोटातली अंगठी दाखवली, आणि वर आभाळाकडे बोट केलं. मला कळलं. मी तिच्या हातावर हात ठेवला. मग ती उठली आणि मला खुणेने म्हणाली, चल.

आणि मी गेले. जिथे आहात तिथेच थांबा, असं लेकीने बजावलेलं असताना मी थांबा सोडून गेले. लांब नाही, बाक दिसत राहील इतपतच. पाण्याच्या काठाशी कॉफीची टपरी होती. तिने दोन कॉफ्या घेतल्या आणि आम्ही दोघी काठावर बसलो. मी बूट काढले. फरशा उन्हाने कोमट झालेल्या होत्या, त्यावर पाय टेकून मी बोटी येताना-जाताना पाहत होते. तिथे मला ओळखणारं कोणी नव्हतं. मी कोणाची सून नव्हते, अंगणवाडीची बाई नव्हते, माझ्या पुढे कोणी चालत नव्हतं. कॉफी कडू होती, तरी मी सगळी प्यायले. अहो, मी सुखी होते. दुसरा शब्द शोधून पाहिला, सापडला नाही. माझ्या आयुष्यात मोजून चार-पाच वेळा जे वाटलं असेल ते मला त्या काठावर वाटलं, आणि तुम्ही बरोबर नव्हता म्हणून वाटलं.

मग तुमची हाक ऐकू आली. तुम्ही पुढच्या थांब्यावर उतरून उलट्या दिशेची ट्राम न धरता, तिचा भरवसा नाही म्हणून, रुळाच्या कडेकडेने पायी निघाला होता, आणि गोंधळात कुठल्या तरी दुसऱ्याच रुळाला लागून फिरून आला होता. टोपी हातात, जॅकेट उघडं, चेहरा पांढराफटक. आणि तुम्ही माझं नाव घेऊन ओरडत होता. सुमन. सुमन. चाळीस वर्षांत चारचौघांत तुम्ही माझं नाव घेतलं नव्हतं, "अवं" म्हणूनच भागवलं होतं, आणि त्या चूप माणसांच्या गावात तुम्ही ते भर रस्त्यात ओरडत होता.

मी काय करायला हवं होतं? हात वर करून "इकडे या, कॉफी घ्या" म्हणायला हवं होतं. पण तुमचा तो चेहरा पाहिला आणि मला माझ्या सुखाची लाज वाटली. मी बूट हातात घेऊन धावत बाकावर आले, तोंडाला पदर लावला आणि रडायला लागले. सोंग होतं ते. म्हातारीने लांबून पाहिलं आणि तिला बहुतेक सगळं कळलं, बाईच ती. तुम्ही आलात आणि बाकावर न बसता खाली फरशीवर, माझ्या पायांशी बसलात. "चुकलं माह्यं. रडू नको. चुकलं माह्यं." तुमच्या तोंडून हे शब्द मी पहिल्यांदा ऐकत होते. मग मला खरंच रडू आलं, पण ते भीतीचं नव्हतं.

त्याच संध्याकाळी सांगितलं असतं तर तुम्ही दोन दिवस फुगला असतात आणि मग हसून सोडून दिलं असतं. मी नाही सांगितलं, कारण मला ते "चुकलं माह्यं" आवडलं होतं. ते मी जपून ठेवलं आणि वापरलं. भाजी खारट झाली म्हणालात की मी म्हणायची, हो, बायकोला टाकून येणाऱ्याला काय गोड लागणार. तुमचं तोंड लगेच बंद. तीन वर्षं मी ते हत्यार परजलं. एवढ्या मोठ्या आवाजाच्या माणसाला गप्प करण्यात मला मजा वाटत होती, हेही लिहून टाकते.

पण ते माझ्यावरच उलटलं. तुम्ही मला एकटं सोडेनात. बाजारात बरोबर, माहेरी बरोबर, दळणाला बरोबर. टपरीवरचं बसणं बंद केलंत. बचत गटाच्या बायका अजिंठ्याला निघाल्या तेव्हा आठवतं ना? मी म्हटलं मी जाते, तुम्ही म्हणालात, "तिकडं चुकामूक झाली तं? मांगच्या वक्ताले काय झालं व्हतं?" किती भांडलो आपण. दोन दिवस अबोला. माझ्या जिभेच्या टोकावर आलं होतं की मागच्या वेळेला काहीच झालं नव्हतं, मी मजेत होते. पण ते म्हणायचं तर तीन वर्षांचं खोटं सोलून दाखवावं लागलं असतं. शेवटी तुम्ही बरोबर आलात. चौदा बायकांत एक बाप्या, आणि प्रत्येक लेण्याच्या तोंडाशी उभं राहून आम्हाला मोजत होता. बायका आजही ते काढून हसतात. मी घरी येऊन तुम्हाला टाकून बोलले. तुम्ही उलट काहीच बोलला नाहीत, नुसते म्हणालात, "तू दिसली नाई का माह्या पोटात धस्स होते."

अहो, तुम्ही हे जे धस्स घेऊन फिरलात ना, ते मी दिलेलं होतं. डॉक्टर म्हणाले हृदय आधीपासूनच कमजोर होतं, त्यात कोणाचा दोष नाही. मी डॉक्टरांचं ऐकते. पण तुम्ही जाताना तुमच्या मनात शेवटची काळजी होती ती माझ्या खोट्याची होती, आणि त्याला काही डॉक्टर नाही.

काल दुपारी मीनलने कागद माझ्यापुढे ठेवले. व्हिसाचे. म्हणाली, "आई, पासपोर्ट काढून ठेव अन् इथं सही कर. तीन महिने तरी चाल, मंग पुढचं पाहू. तू इथं एकटी कशी राहशीन? बाबानं माह्याकून कबूल करून घेतलं हाय." तिच्या डोळ्यांखाली काळं आलं आहे. दिवसभर घर आवरते आणि मोरीत नळ सोडून रडते, मला ऐकू येतं.

मी पेन हातात घेतलं आणि खाली ठेवलं. मग तिला सगळं सांगितलं. म्हातारी, शेंगा, कॉफी, काढलेले बूट, पदर. ती ऐकत राहिली. आधी हसली, तोंडावर हात ठेवून. मग हसता हसता तिचा चेहरा बदलला.

"मंग बाबाले काऊन नाई सांगितलं?"

मी म्हटलं, "सांगनार व्हती."

"कधी?"

मी खाली ठेवलेल्या पेनाला टोपण लावलं. मग ती म्हणाली, "म्हंजे तुले इथं एकटीले भेव नाई वाटनार?" मी म्हटलं, "नाई." तिने माझ्याकडे पाहिलं, तुमच्यासारखंच पाहते ती, माणूस मोजल्यासारखं. मग कागद गोळा करून पिशवीत ठेवले. परवा ती निघते आहे. एकटीच.

तर असं आहे. तुमचा शब्द मी मोडला. मी देऊळघाटातच राहणार, आपल्याच घरात, आणि बचत गटाच्या बायका पुन्हा कुठे निघाल्या तर जाणार. त्याबद्दल रागवायचं तर खुशाल रागवा.

पण आज सकाळपासून एक गोष्ट डोक्यात घोळते आहे, आणि ती लेकीला सांगता येत नाही. त्या काठावर मी क्षणभरही एकटी नव्हते. मधूनमधून मान वळवून बाकाकडे पाहत होते, तुम्ही आलात का म्हणून. तुम्ही येणारच होता. रूळ चुकाल, दमाल, ओरडाल, पण येणार, यात मला तिळभर शंका नव्हती. तेवढ्या जोरावर मी बूट काढून पाय सोडून बसले होते, आणि त्याला मी एकटं असणं समजत आले.

तुमच्यापुढे भ्यायचं सोंग केलं, ते तुम्ही खरं मानलंत. काल लेकीपुढे न भ्यायचं सोंग केलं, तिनेही खरं मानलं. मला फार भीती वाटते आहे, अहो. या वेळी खरी आहे.